‘आमचं बँक खातं बदललं आहे’: छोट्या व्यवसायांना घातले जाणारे गंडे आणि त्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा व्यवसाय एवढासा. आमच्या मागे कोण कशाला लागेल?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा हुशार चोर असतो. तो आधी सावज हेरतो, मग पाळत ठेवतो वगैरे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जाळं टाकलेलं असतं आणि त्यात जे सापडेल ते ओढलं जातं. ‘फिशिंग’ (खोट्या निरोपाने माहिती काढून घेणं) हा शब्दही त्यातूनच आला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेच्या ग्राहकांचे पासवर्ड असे गळ टाकून पळवले जायचे, तेव्हापासून तो रुळला.

छोट्या व्यवसायाचा पत्ता, फोन, ईमेल, मालकाचं नाव हे सगळं ग्राहकांना सापडावं म्हणून आपणच उघड्यावर ठेवतो. शिवाय मोठ्या कंपनीत पैसे सोडायला दोन-तीन जणांची संमती लागते. आपल्याकडे एका माणसाचं एक बोट पुरतं, आणि तोच माणूस त्याच वेळी गिऱ्हाईकही सांभाळत असतो.

मग मोठ्या कंपन्या फसत नाहीत का?

फसतात, आणि चांगल्याच. एवाल्दास रिमासाउस्कास नावाच्या लिथुआनियन माणसाने २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक या दोघांना मिळून १२ कोटी डॉलरहून जास्त रकमेला गंडवलं. या दोन्ही कंपन्या तैवानच्या क्वांटा कंप्युटरकडून खरोखरच माल घ्यायच्या. याने लॅटव्हियात त्याच नावाची कंपनी नोंदवली, त्या नावाने बँक खाती उघडली आणि बनावट बिलं व करार पाठवायला सुरुवात केली. बिलं भरली गेली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग असा, की बिल भरणाऱ्याला त्यात वावगं काही दिसण्यासारखं नव्हतं. नाव ओळखीचं होतं, व्यवहार नेहमीचा होता. बदललं होतं ते फक्त पैसे कुठे जायचे ते ठिकाण.

खोटा ईमेल ओळखायचा कसा? भाषेच्या चुकांवरून?

तो सल्ला आता निवृत्त करायला हरकत नाही. भाषा लिहून देणारी साधनं आज कुणालाही फुकट मिळतात, त्यामुळे भामट्यांचे ईमेल आता अनेक खऱ्या कंपन्यांच्या ईमेलपेक्षा नीटनेटके असतात. लोगो, सही, खालची बारीक अक्षरांतली सूचना हे तर केव्हाही उचलता येत होतं.

माझा सल्ला असा, की पाठवणारा खरा की खोटा हे चेहऱ्यावरून ओळखायच्या फंदात पडू नका. तो काय मागतोय ते बघा. फसवणुकीचा कुठलाही प्रकार घ्या, शेवटी मागणी तीनपैकी एक असते. पैसे नव्या ठिकाणी पाठवा. एखादी किल्ली द्या, म्हणजे पासवर्ड, ओटीपी, पिन किंवा फोनची स्क्रीन. किंवा नेहमीची एखादी पायरी आजच्यापुरती गाळा. यातलं काहीही आलं की काम थांबवायचं आणि दुसऱ्या मार्गाने खातरजमा करायची, मग समोर ब्रह्मदेव का असेना. बाकीचे शंभर ईमेल बिनधास्त वाचा.

पुरवठादाराकडून नव्या खात्याचा ईमेल आला. पत्ता अगदी त्यांचाच आहे, आधीचा पत्रव्यवहारही खाली दिसतोय. तरी शंका घ्यायची?

इथेच घ्यायची. या जागी सगळ्यात मोठ्या रकमा जातात, म्हणून जरा सविस्तर.

पत्ता त्यांचाच दिसण्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे तो त्यांचा नसतो, पण तसा भासतो. रोमन लिपीतली ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरं शेजारी ठेवली की घाईत ‘एम’ वाटतात. छोटा ‘एल’ आणि एकचा आकडा जुळ्या भावांसारखे दिसतात. एखादी आडवी रेघ जास्त घातली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं कारण जास्त वाईट. पत्ता खरोखर त्यांचाच असतो, कारण त्यांचा मेलबॉक्स चोराच्या हातात गेलेला असतो. असा चोर लगेच काही करत नाही. तो आठवडेच्या आठवडे नुसता वाचत बसतो. कोण कुणाला कधी बिल पाठवतं, रक्कम साधारण किती असते, ‘साहेब’ म्हणतात की नुसतं नाव घेतात, सगळं टिपून घेतो. मेलबॉक्समध्ये गुपचूप एक नियम लावतो, म्हणजे ठरावीक शब्द असलेले ईमेल आपोआप दुसरीकडे जातात किंवा कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये पडतात. मग खरं बिल निघायच्या दिवशी त्याच संभाषणात, त्याच बिलाची प्रत, फक्त खाते क्रमांक बदलून पाठवतो. तुम्ही शंका काढून उत्तर दिलंत, तर तेही त्यालाच मिळतं आणि तो नम्रपणे ‘हो, बरोबर आहे’ असं कळवतो.

म्हणून ईमेलची खात्री ईमेलवर होत नाही. फोन करायचा, आणि तोही तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. त्या ईमेलमध्ये किंवा त्या बिलावर छापलेला नंबर चालणार नाही, कारण तो चोराचा असू शकतो. फोनवर तुम्ही आकडे वाचून दाखवू नका, त्यांना वाचायला लावा. आपण वाचलं की पलीकडचा कामाच्या गडबडीत ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो. मी हे दोनदा ऐकलं आहे.

आधी थोडी रक्कम पाठवून बघितली तर?

पाठवा, पण ती पोचली का हे पुन्हा त्या जुन्या नंबरवरच विचारा. खातं चोराचं असेल तर ‘मिळाले, धन्यवाद’ असं उत्तर ईमेलवर तोच देईल, आणि अगदी तत्परतेने देईल.

खात्याचं नाव आणि नंबर जुळत नसेल तर बँक अडवत नाही?

देशोदेशी आणि पेमेंटच्या प्रकारानुसार हे वेगवेगळं आहे. वर्षानुवर्षं अनेक ठिकाणी पैसे फक्त खाते क्रमांकावर जात आले आहेत आणि नावाचा रकाना नुसता शोभेचा राहिला आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी २०२० पासून पैसे सोडण्यापूर्वी नाव जुळतं का हे दाखवायला सुरुवात केली, युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून ते सक्तीचं झालं. तुमच्या बँकेत पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसत असेल तर ते वाचाच. मात्र नाव जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. रिमासाउस्कासच्या कंपनीचं नावही जुळतच होतं.

‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, एवढे पैसे पाठव.’ मालकाच्या नावाने असा मेसेज आला. नाही कसं म्हणायचं?

‘फोन करू नकोस’ हे शब्द स्वतःच उत्तर आहेत. तरी हाताखालच्या माणसाला मालकाला उलट विचारणं जड जातं, आणि भामट्याचं सगळं भांडवल तेवढंच असतं. ऑस्ट्रियातली विमानाचे भाग बनवणारी एफएसीसी ही कंपनी अशाच, वरिष्ठांच्या नावाने आलेल्या खोट्या आदेशांत सुमारे ५ कोटी युरोला बुडाली. ही गोष्ट २०१६ ची. त्यानंतर कंपनीने आपल्या मुख्याधिकाऱ्यालाच घरी पाठवलं.

यावर इलाज मालकाच्या हातात आहे, कर्मचाऱ्याच्या नाही. सगळ्यांदेखत एकदा स्पष्ट सांगून टाका: ‘मी स्वतः मेसेज केला तरी फोनवर माझ्याशी बोलल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, आणि त्यासाठी मी कधीही रागावणार नाही.’ पुढच्या वेळी कुणी असा फोन केलाच तर खरंच रागावू नका. एकदा खेकसलात की पुढच्या वेळी कुणी विचारणार नाही.

गिफ्ट कार्ड घेऊन त्यावरचे नंबर पाठवायला सांगणं हाही याच घरातला प्रकार. त्यात तपासण्यासारखं काही नसतं, सोडून द्या.

आवाज त्यांचाच होता. व्हिडिओवरही तेच दिसत होते.

आवाजाची नक्कल करायला आता थोडंसं ध्वनिमुद्रण पुरतं, आणि व्यवसायाच्या जाहिरातीत मालकाचा आवाज बहुधा असतोच. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना ‘पाहिलं’ आणि एकूण १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले ते वरिष्ठ बनावट होते.

म्हणून समोरून आलेल्या फोनवर निर्णय घ्यायचा नाही. फोन ठेवा आणि तुम्ही स्वतः ओळखीच्या नंबरवर लावा. दोघा-तिघांत एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवला तर आणखी बरं, फक्त तो ईमेलवर लिहून ठेवू नका.

ग्राहकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला. माल द्यायचा का?

स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. पेमेंट यशस्वी झाल्याचा हुबेहूब हिरवा पडदा दाखवणारी खोटी अ‍ॅपही मिळतात. ‘पैसे जमा’ असा एसएमएससुद्धा कुणीही धाडू शकतो. तुमच्या स्वतःच्या खात्यात, तुमच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली की व्यवहार झाला. दारात माणूस ताटकळतोय, मागे रांग लागली आहे, तरीही. रांग असतानाच हे भामटे येतात.

त्यालाच लागून दोन गोष्टी. पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, फक्त हे मान्य करा आणि पिन टाका’ असं कुणी म्हणत असेल, तर पैसे तुमच्याकडून निघताहेत. आणि काउंटरवरचा क्यूआर कोड रोज सकाळी एकदा स्वतः स्कॅन करून नाव बघा. त्यावर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवायला दोन सेकंद लागतात.

चुकून जास्त पैसे पाठवले म्हणून ग्राहक वरचे परत मागतोय.

घाईने परत करू नका. जुन्या पद्धतीत चेक मोठ्या रकमेचा यायचा. बँक तो वटण्याआधीच खात्यात रक्कम दाखवायची. तुम्ही वरचे पैसे परत करायचे आणि काही दिवसांनी चेक न वटता परत यायचा. माल गेला आणि परत केलेली रक्कमही गेली. आता चोरलेलं कार्ड किंवा दुसऱ्या फसलेल्या माणसाचं खातं वापरून तेच केलं जातं. सरळ सांगा की पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने बँकेमार्फत परत जातील. ‘माझ्या भावाच्या खात्यात पाठवा’ म्हणाला की समजून जा.

लिंक खरी आहे की नाही हे कसं वाचायचं?

पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पुढची पहिली तिरपी रेघ शोधा. तिच्या आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. खरा मालक उजवीकडच्या टोकाला असतो. बँकेचं नाव पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मधे कुठेही घालता येतं, त्याला काही किंमत नाही. काही अक्षरं तर रोमन दिसतात पण असतात दुसऱ्याच लिपीतली. रशियन लिपीतला ‘अ’ रोमन ‘ए’सारखाच दिसतो, आणि डोळ्यांनी तो पकडता येत नाही.

पत्त्याशेजारी कुलूप दिसतं म्हणजे साइट खरी, हा समज अजून पुसला गेलेला नाही. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी वाचत नाही. साइट चोराची असेल तर तुम्ही चोराशी अगदी खासगीत बोलत असता. हाच गैरसमज पाहून गूगलने २०२३ मध्ये संगणकावरच्या क्रोममधून कुलपाचं चिन्ह काढून टाकलं.

खरं सांगायचं तर मी लिंक वाचत बसतच नाही. बँकेचा निरोप आला की बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडतो. निरोप खरा असेल तर तो तिथेही दिसतो. तुम्हाला मालाच्या पाठवणीचे, कराचे, जाहिरात खात्याचे निरोप येत असतील तर त्यांनाही हेच लागू.

दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपी किंवा फोनवर मान्यता) लावली आहे. आता तर सुरक्षित ना?

बरंचसं. पण चोराची साइट खऱ्या साइटच्या पुढ्यात आरशासारखी उभी राहू शकते. तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी ती त्याच क्षणी खऱ्या साइटला देते आणि आत शिरते. दुसरी युक्ती म्हणजे त्रास देऊन ‘हो’ म्हणायला लावणं. २०२२ मध्ये उबरसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटदाराला लॉगिन मान्य करण्याच्या विनंत्या एकामागोमाग येत राहिल्या, शेवटी त्याने एक मान्य केली आणि चोर आत गेला.

पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने लॉगिन) किंवा हातात धरायची सुरक्षा किल्ली याला दाद देत नाही, कारण ती साइटचा पत्ता स्वतः तपासते आणि खोट्या पत्त्यावर चालतच नाही. सगळीकडे लावणं जमत नसेल तर निदान कामाच्या ईमेलला लावा. ईमेल हातात आला की बाकीच्या सगळ्या सेवांचे पासवर्ड ‘विसरलो’ म्हणून बदलता येतात.

‘तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत बंद होईल.’

असा मेसेज पासवर्ड पळवण्यासाठी असतो. अ‍ॅपमध्ये जाऊन बघा, तक्रार नसेल.

बँकेतून फोन आला. नंबरही बँकेचाच दिसतोय.

फोनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो. बँकेला तुमचा ओटीपी लागत नाही, आणि ‘मदतीसाठी’ तुमच्या फोनची स्क्रीन समोरच्याला दाखवणारं अ‍ॅप टाकायला तर ती कधीच सांगणार नाही. फोन ठेवा, कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः लावा. इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधू नका, वर दिसणाऱ्या जाहिरातींत खोटे नंबरही असतात.

आम्ही मागवलंच नाही अशा गोष्टींची बिलं येतात.

डोमेनचं (वेबसाइटच्या नावाचं) नूतनीकरण, कुठल्याशा व्यापारी यादीत नाव, ट्रेडमार्कची नोंद. रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात, कारण छोटी रक्कम कुणी विचारत नाही. मीही एकदा डोमेनचं असं बिल भरून मोकळा झालो होतो. महिन्याभराने खऱ्या कंपनीचं बिल आलं तेव्हा उजेड पडला. आता माझ्याकडे एक साधा कागद आहे. त्यावर दरवर्षी लागणारी वर्गणी, कुणाला आणि कोणत्या महिन्यात, एवढंच लिहिलेलं असतं. कागदावर नाही ते बिल भरत नाही.

आमच्याच नावाने आमच्या ग्राहकांना खोटी बिलं जात असतील तर?

तुमचं स्वतःचं डोमेन असेल तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. त्यामुळे तुमच्या नेमक्या पत्त्यावरून दुसऱ्याने पाठवलेला ईमेल ओळखता आणि अडवता येतो. २०२४ पासून गूगल आणि याहू मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांकडून हे मागतातच, त्यामुळे ईमेल सेवा देणाऱ्याकडे तयार सूचना सापडतील. डीमार्क नुसतं ‘बघत राहा’ या पायरीवर ठेवून विसरू नका, काही आठवड्यांनी ते ‘अडवा’ वर न्या. आणि बिलाच्या तळाशी एक ओळ छापा: आमचं बँक खातं आम्ही ईमेलने कधीही बदलून कळवत नाही.

पैसे गेले. आता?

आधी बँकेला फोन, बाकी सगळं नंतर. ‘फसवणूक झाली आहे, व्यवहार परत मागवा आणि समोरचं खातं गोठवायला सांगा’ हे याच शब्दांत सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. लगोलग पोलिसांकडे किंवा सायबर तक्रारीच्या सरकारी व्यवस्थेकडे जा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, मग तिसऱ्या खात्यात हलवतो, त्यामुळे इथे तास मोजावे लागतात. लवकर हालचाल केली तर हाती काही लागतं. अमेरिकेच्या एफबीआयच्या तक्रार केंद्राने २०२३ मध्ये ज्या प्रकरणांत रक्कम रोखण्याची प्रक्रिया सुरू केली, त्यांतली ७१ टक्के रक्कम रोखली गेली.

मग वेगळ्या, स्वच्छ फोनवरून किंवा संगणकावरून ईमेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा आणि मेलबॉक्समधले आपोआप पुढे पाठवण्याचे नियम तपासा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फसतात. मेसेज, ईमेल काही पुसू नका.

काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येईल. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

लिंकवर क्लिक केलं, पण काही भरलं नाही.

बहुधा काही बिघडलेलं नाही. फाइल किंवा अ‍ॅप उतरवून उघडलं असेल तर मात्र तो फोन इंटरनेटपासून तोडा आणि जाणकाराला दाखवा.

कर्मचाऱ्याच्या हातून पैसे गेले. पगारातून कापू का?

कापलेत तर पुढची चूक तुम्हाला चोराकडून कळेल. वर सांगितलेले तास लपवण्यात जातात, आणि गेलेली रक्कम पगारातून भरून निघण्यासारखी नसतेच. त्याला शेजारी बसवून तो मेसेज पुन्हा एकदा सोबत वाचा. कोणत्या वाक्यावर त्याचा विश्वास बसला हे त्याच्याकडून ऐकून घ्या, आणि तीच मागणी उद्या फोनवरून आली तर कुणाला विचारायचं ते त्याच बैठकीत ठरवून टाका.